झटक्यांवरील पशुऔषधे : निदान, नियंत्रण आणि उपलब्धता



पशुसंवर्धनाचा विचार करताना दुग्धोत्पादन, कृत्रिम रेतन, चारा नियोजन आणि लाळ्या-खुरकूत रोगाचे लसीकरण या विषयांची चर्चा नेहमीच होते. जनावरांच्या मज्जासंस्थेचे विकार मात्र या चर्चेत क्वचितच येतात. दावणीची गाय अचानक कोसळते, मान मागे टाकते, पाय झाडू लागते, तोंडाला फेस येतो. अशा वेळी पशुपालकाजवळ अवघ्या काही मिनिटांचा अवधी असतो. त्या अवधीत कोणते औषध, कोणाच्या हातून आणि कोणत्या कायद्याच्या चौकटीत त्या जनावरापर्यंत पोहोचते, हा प्रश्न वैद्यकीय आहे तितकाच प्रशासकीयही आहे. छत्तीसगडची राजधानी रायपूर आणि तिच्या भोवतालचा भातशेतीचा प्रदेश डोळ्यांसमोर ठेवून या प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे.

रायपूरची निवड सकारण आहे. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य अस्तित्वात आले व रायपूर राजधानी झाली. १९५६ पर्यंत हा प्रदेश नागपूर राजधानी असलेल्या प्रांताचा भाग होता. भंडारा-गोंदियाच्या भातपट्ट्याशी त्याचे आजही मोठे साधर्म्य आहे. तेच तणस, तीच मोकाट चराई, तेच अल्पभूधारक शेतकरी. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार छत्तीसगडमध्ये सुमारे १ कोटी ५९ लाख पशुधन असून त्यात गोवंश सुमारे १ कोटी आहे. मैदानी जिल्ह्यांतील कोसली ही लहान चणीची देशी गाय येथील नोंदणीकृत जात आहे. दुसरीकडे रायपूरसारख्या वाढत्या शहरात घरोघरी कुत्री पाळली जातात. झटक्यांच्या उपचाराच्या दोन भिन्न पद्धती, एक गोठ्यातील व एक घरातील, अशा प्रकारे एकाच जिल्ह्यात एकत्र येतात.

झटका : लक्षण आणि कारण

मेंदूतील चेतापेशी परस्परांना विद्युत-रासायनिक संदेश देतात. ग्लुटामेटसारखी द्रव्ये पेशींना उद्दीपित करतात, तर ‘गाबा’ नावाचे द्रव्य त्यांना आवरते. हा समतोल ढळला की असंख्य पेशी एकाच वेळी संदेश सोडू लागतात व शरीराला झटके येतात. लोकभाषेत यास आकडी किंवा फेफरे म्हणतात. झटका हे लक्षण आहे. मेंदूच्या मूळ प्रवृत्तीमुळे तो वारंवार येत असेल, तेव्हाच त्याला अपस्मार म्हणता येते.

हा भेद उपचाराच्या दृष्टीने निर्णायक आहे. कुत्र्यांमध्ये आनुवंशिक अपस्मार बऱ्यापैकी आढळतो. गाई-म्हशींमध्ये तो दुर्मीळ आहे. ब्राउन स्विस व हेरफर्ड यांसारख्या काही जातींत तो नोंदला गेला असून असे जनावर पैदाशीसाठी वापरू नये, हा त्यावरचा व्यवहार्य उपाय होय. गोठ्यातील बहुतेक झटक्यांमागे खनिजांची कमतरता, विषबाधा, परजीवी किंवा संसर्ग असतो. ते कारण दूर झाले नाही, तर झटके थांबविणारे औषध थोडा वेळ मिळवून देते, जनावर वाचवत नाही.

गोठ्यातील कारणे व त्यांवरील औषधे

पहिले कारण खनिजांचे. रक्तातील मॅग्नेशियम घटले की जनावर बिथरते, स्नायू थरथरतात व झटके येतात. केवळ दुधावर वाढविलेल्या दोन ते चार महिन्यांच्या वासरांतही हा विकार दिसतो, कारण दुधात मॅग्नेशियम अल्प असते. येथे खरे औषध मॅग्नेशियमचे क्षार व त्यासोबत कॅल्शियम हेच आहे. व्याल्यानंतर बहुधा पहिल्या तीन दिवसांत होणाऱ्या दुग्धज्वरात कॅल्शियम घटते. गाय आधी थरथरते व नंतर निपचित बसून राहते. शिरेवाटे द्यावयाचे कॅल्शियम सावकाश, हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवून द्यावे लागते. घाईने दिल्यास हृदय बंद पडू शकते. पिलांना पाजणाऱ्या लहान जातीच्या कुत्रीलाही कॅल्शियमअभावी असेच झटके येतात.

दुसरे कारण विषबाधेचे. भातावरील कीड व अंगावरील गोचीड यांच्या नियंत्रणासाठी वापरल्या जाणाऱ्या सेंद्रिय फॉस्फरस गटातील कीटकनाशकांमुळे लाळ गळणे, डोळ्यांच्या बाहुल्या आकुंचित होणे, हगवण, थरथर व शेवटी झटके अशी लक्षणे दिसतात. ॲट्रोपिन हे त्यावरील प्रमुख औषध असून झटक्यांसाठी डायझेपामची जोड दिली जाते. एंडोसल्फान हे क्लोरीनयुक्त कीटकनाशक ‘गाबा’चे कार्यच रोखत असे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये त्याच्या उत्पादन व विक्रीस मनाई केली. फोरेट, डायक्लोरव्हॉस व ट्रायझोफॉस यांवर २०१८ च्या केंद्रीय आदेशान्वये ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आली. शेतीच्या धोरणातील असा एक निर्णय गोठ्यातील अनेक झटके टाळू शकतो.

शहराच्या कडेला चरणारी जनावरे टाकून दिलेल्या बॅटऱ्या व रंगाचे डबे चाटतात. त्यातील शिशामुळे आंधळेपणा व झटके येतात. मध्य भारताच्या जंगलांत आढळणाऱ्या कुचल्याच्या बियांतील स्ट्रिक्निनमुळे किंचित आवाजानेही शरीर धनुष्यासारखे ताणले जाते.

तिसरे कारण थायमिनच्या म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाच्या अभावाचे. धान्य किंवा पेंड अचानक जास्त खाल्ल्यास रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातील थायमिनची निर्मिती बिघडते. शेळीचे डोके मागे वळते, दृष्टी जाते व झटके येतात. वेळीच दिलेले थायमिनचे इंजेक्शन या स्थितीत उत्तम गुण देते व ते महागही नसते.

चौथे कारण परजीवी व संसर्ग यांचे. चावणाऱ्या माश्यांमुळे पसरणाऱ्या सर्रा रोगात गुरे, म्हशी व घोडे गरगर फिरतात आणि त्यांना झटकेही येतात; त्यावर क्विनापायरामिनसारखी औषधे आहेत. कुत्र्याच्या पोटातील एका फीतकृमीची अळी मेंढी-शेळीच्या मेंदूत वाढते तेव्हा जनावर एकाच दिशेने फिरू लागते. त्याचा प्रतिबंध कुत्र्यांना नियमित जंतनाशक देण्यात आहे.

यांखेरीज काही विकार झटक्यांसारखे दिसतात, पण तसे नसतात. धनुर्वातात शरीर ताठरते, मात्र जनावर शुद्धीवर असते. तिवरा किंवा लाख या कडधान्याच्या अतिसेवनाने होणाऱ्या लॅथिरिझममध्ये मागचे पाय लुळे व ताठ होतात. या कडधान्यातील ‘ओडॅप’ हे विषद्रव्य कमी असलेले प्रतीक व महातिवरा हे वाण रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाने विकसित केले आहेत. रोगाचे उत्तर औषधाऐवजी बियाण्यातही सापडू शकते, याचे हे उदाहरण होय.

सर्वांत गंभीर शक्यता अलर्करोगाची, म्हणजे रेबीजची. लाळ गळणारे, गिळता न येणारे, विचित्र वागणारे जनावर पिसाळलेले असू शकते. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगावर उपचार नाही. ‘घशात काही अडकले असेल’ असे समजून तोंडात हात घालणारा पशुपालक आपला जीव धोक्यात घालतो. लाळेशी संपर्क आल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन तातडीने लस घ्यावी लागते. २०३० पर्यंत श्वानजन्य रेबीजचे उच्चाटन हे राष्ट्रीय उद्दिष्ट असून त्याचा कृती आराखडा २०२१ मध्ये जाहीर झाला. निदानापूर्वी औषध देण्याचा धोका माणसापर्यंत कसा पोहोचतो, हे यावरून स्पष्ट व्हावे.

झटका थांबविणारी औषधे

चालू झटका थांबविण्यासाठी बेंझोडायझेपिन गटातील डायझेपाम व मिडाझोलाम ही प्रथम पसंतीची औषधे आहेत. ती ‘गाबा’चा आवर वाढवितात. पाच मिनिटांहून अधिक चालणारा झटका ही तातडीची अवस्था मानली जाते, कारण त्यानंतर शरीराचे तापमान वाढते, रक्तातील साखर व प्राणवायू घटतात आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. शिरेवाटे औषध देणे शक्य नसल्यास कुत्र्याला डायझेपाम गुदमार्गे किंवा मिडाझोलाम नाकावाटे देता येते. मात्रा अधिक झाल्यास श्वसन मंदावते, म्हणून ही औषधे देखरेखीखालीच द्यावयाची असतात. डायझेपाम प्लॅस्टिकमध्ये शोषले जाते. त्यामुळे ते सिरिंजमध्ये आधीच भरून न ठेवता काचेच्या कुपीत, उजेडापासून दूर ठेवणे आवश्यक ठरते. फिरत्या दवाखान्याच्या दृष्टीने ही बाब क्षुल्लक नाही.

वारंवार येणाऱ्या झटक्यांसाठी दीर्घकालीन औषधे लागतात व ती मुख्यतः कुत्र्या-मांजरांत वापरली जातात. सहा महिन्यांत दोन किंवा अधिक झटके आले, एकाच दिवसात अनेक झटके आले किंवा एखादा झटका लांबला, तर नियमित औषध सुरू करावे असा सर्वसाधारण संकेत आहे.

फिनोबार्बिटोन हे त्यांतील सर्वाधिक वापरले जाणारे औषध. मानवी अपस्मारात त्याचा उपयोग १९१२ मध्ये जर्मन वैद्य आल्फ्रेड हाउप्टमान यांनी दाखवून दिला. कुत्र्याला ते दर १२ तासांनी द्यावे लागते व रक्तातील त्याची पातळी स्थिर होण्यास सुमारे दोन आठवडे जातात. सुरुवातीस सुस्ती येते, भूक, तहान व लघवीचे प्रमाण वाढते. दीर्घकाळात यकृताला अपाय होऊ शकतो, म्हणून रक्ततपासणी अनिवार्य ठरते. औषध एकाएकी बंद केल्यास झटके अधिक तीव्रतेने परततात.

पोटॅशियम ब्रोमाइड त्याहून जुने आहे. ब्रोमाइडचा मानवी उपयोग लंडनचे सर चार्ल्स लोकॉक यांनी १८५७ मध्ये मांडला. ते यकृताऐवजी मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, त्यामुळे यकृताचा विकार असलेल्या कुत्र्यास ते सोयीचे ठरते. परंतु त्याची पातळी स्थिर होण्यास सुमारे तीन महिने लागतात आणि आहारातील मीठ कमी-अधिक झाले की तीही बदलते. अलीकडच्या औषधांत लेव्हेटिरासिटाम, झोनिसामाइड व युरोपात २०१३ मध्ये कुत्र्यांसाठी मान्य झालेले इमेपिटॉइन यांचा समावेश होतो.

माणसाचे औषध जनावरास चालते काय?

परीक्षार्थींनी हा मुद्दा विशेष लक्षात घ्यावा. फेनिटॉइन या औषधाचा झटकेरोधक गुण १९३० च्या दशकात अमेरिकेत मांजरांवरील प्रयोगांतून सिद्ध झाला आणि त्याचा लाभ जगभरातील माणसांना झाला. तेच औषध कुत्र्याच्या शरीरातून इतक्या वेगाने बाहेर पडते की नियमित उपचारास ते निरुपयोगी ठरते. मांजरात उलट ते साचून राहते. डायझेपामचा अंमल माणसात दीर्घकाळ टिकतो, कुत्र्यात काही तासांतच ओसरतो. मांजरास तोंडावाटे दिलेले डायझेपाम क्वचित यकृताचा घातक ऱ्हास घडविते. ब्रोमाइडमुळे मांजरांना श्वासनलिकेचा विकार होतो. माणसांसाठी बनविलेल्या काही पातळ औषधांत गोडीसाठी झायलिटॉल असते व ते कुत्र्याला विषासमान आहे. म्हणूनच शेजाऱ्याच्या घरातील गोळी वजनाच्या हिशेबाने अर्धी करून जनावरास देणे हा उपचार ठरत नाही.

कायद्याची चौकट

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत हा विषय विभागला गेला आहे. पशुधनाचे जतन व सुधारणा, पशुरोगांचा प्रतिबंध, पशुवैद्यकीय शिक्षण व व्यवसाय हा राज्यसूचीतील १५ वा विषय आहे. औषधे व विषे हा समवर्ती सूचीतील १९ वा विषय आहे. परिणामी पशुवैद्यक राज्याचा कर्मचारी असतो, तर त्याच्या हातातील कुपीवर प्रामुख्याने केंद्रीय कायदे लागू होतात.

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० मधील ‘औषध’ या संज्ञेत जनावरांसाठीची औषधेही येतात. औषध नियमांनुसार केवळ जनावरांसाठीच्या औषधाच्या वेष्टनावर ‘मानवी वापरासाठी नाही, केवळ पशूंच्या उपचारासाठी’ या अर्थाचा मजकूर व पाळीव जनावराच्या डोक्याचे चिन्ह आवश्यक असते. डायझेपाम व मिडाझोलाम यांचा समावेश २०१३ मध्ये निर्माण केलेल्या अनुसूची एच-१ मध्ये आहे. त्यानुसार विक्रेत्याने औषध लिहून देणाऱ्याचे व रुग्णाचे नाव, औषध आणि त्याचे प्रमाण नोंदवून ती नोंद तीन वर्षे जपावयाची असते. फिनोबार्बिटोन व डायझेपाम दोन्ही अमली औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ कायदा, १९८५ च्या अनुसूचीतही आहेत. हा कायदा वैद्यकीय व वैज्ञानिक उपयोगास मुभा देतो. उपचार कोणी करावयाचा, हे भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ ठरवितो. पशुवैद्यकीय व्यवसायाचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकास आहे. प्रमाणपत्रधारक सहायकास त्याच्या देखरेखीखाली किरकोळ सेवा देता येतात.

दूध व मांस यांच्या सुरक्षिततेचाही प्रश्न येथे उद्भवतो. औषध दिल्यानंतर ठरावीक काळ दूध वा मांस वापरू नये, यास परिहार काळ म्हणतात. २०१२ मधील नियमानुसार हा काळ वेष्टनावर छापणे आवश्यक आहे. तो शास्त्रीयदृष्ट्या निश्चित झालेला नसल्यास दूध व अंड्यांसाठी किमान ७ दिवस आणि कोंबडी व सस्तन प्राण्यांच्या मांसासाठी किमान २८ दिवस मानला जातो. दुभत्या गाईला मानवी औषध दिले असता वेष्टनावर असा उल्लेखच नसतो. तेव्हा दूध किती दिवस बाजूला ठेवावयाचे, हे पशुवैद्यकाने स्पष्टपणे सांगणे आणि लिहून देणे अगत्याचे असते.

उपलब्धतेचा प्रश्न

नियंत्रण आवश्यक आहे, याविषयी दुमत नाही. ही औषधे व्यसनासाठी वळविली जाऊ शकतात. तथापि नियंत्रणाचा अर्थ अनुपलब्धता असा होऊ लागला, तर त्याची किंमत सर्वाधिक दुबळ्या पशुपालकास मोजावी लागते. बैल गमावलेल्या शेतकऱ्याचा नांगर थांबतो आणि दुभती गाय गेलेल्या कुटुंबाचे रोजचे उत्पन्न बुडते. अशा वेळी झटके येणाऱ्या जनावरास तापल्या लोखंडाने डागण्यासारखे अघोरी उपाय केले जातात. त्यामागे अज्ञानाइतकाच वैद्यकीय मदतीचा अभावही असतो.

या दिशेने काही पावले पडली आहेत. पशुधन आरोग्य व रोग नियंत्रण कार्यक्रमाखाली दर १ लाख पशुधनामागे एक फिरते पशुवैद्यकीय पथक असावे, असा निकष आहे. त्यासाठी १९६२ हा दूरध्वनी क्रमांक देण्यात आला आहे. वाहनांच्या खरेदीचा संपूर्ण खर्च केंद्राने दिला, तर चालविण्याच्या खर्चात केंद्र व सर्वसाधारण राज्ये यांचा वाटा ६०:४० असा ठेवण्यात आला. या निकषाने छत्तीसगडला दीडशेहून अधिक पथके लागतात. मार्च २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने याच कार्यक्रमाच्या सुधारणेस मान्यता देताना २०२४-२५ व २०२५-२६ या दोन वर्षांसाठी ३,८८० कोटी रुपयांची तरतूद केली. त्यात ‘पशु औषधी’ हा नवा घटक जोडून स्वस्त जेनेरिक पशुऔषधांसाठी ७५ कोटी रुपये ठेवण्यात आले. सहकारी संस्था व प्रधानमंत्री किसान समृद्धी केंद्रांमार्फत ही औषधे देण्याची कल्पना आहे.

मनुष्यबळाच्या बाबतीत दुर्गजवळील अंजोरा येथील पशुवैद्यकीय महाविद्यालय महत्त्वाचे आहे. ते पूर्वी रायपूरच्या कृषी विद्यापीठाच्या कक्षेत होते. २०१२ मध्ये स्वतंत्र कामधेनु विद्यापीठ स्थापन झाल्यावर ते त्याचे केंद्र बनले.

पुढील वाटचालीसाठी तीन बाबींचा विचार व्हावा. एक, खनिजक्षार, थायमिन व ॲट्रोपिन यांसारखी कारणावर घाव घालणारी औषधे प्रत्येक फिरत्या पथकात नित्य असावीत. गोठ्यातील बहुसंख्य झटक्यांत हीच निर्णायक ठरतात आणि त्यांपैकी एकही मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या पदार्थांच्या यादीत नाही. दोन, डायझेपामसारख्या नियंत्रित औषधांचा मोजका साठा नोंदवहीसह नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या ताब्यात राहावा व त्याची कार्यपद्धती राज्यभर एकसारखी असावी. १९८५ च्या कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती करून मॉर्फिनसारख्या आवश्यक वेदनाशामकांची वाट सुकर करण्यात आली, हा पायंडा यासंदर्भात मार्गदर्शक आहे. तीन, जनावरांसाठी तपासलेली व नोंदविलेली झटकेरोधक औषधे वाढावीत. अमेरिकेतही कुत्र्यांसाठीच्या पोटॅशियम ब्रोमाइडला २०२१ मध्ये आणि फिनोबार्बिटोनला २०२३ मध्ये सशर्त मान्यता मिळाली. तोवर अनेक दशके अशी मान्यता नसतानाच ती वापरली जात होती. या क्षेत्रात संशोधनाला किती वाव आहे, हे त्यावरून कळते.

पशुपालकाची भूमिका

औषध येईपर्यंत पशुपालकानेही बरेच करावयाचे असते. दावे सैल करावे, आजूबाजूच्या टणक वस्तू दूर कराव्यात, उजेड व गोंगाट कमी करावा, तोंडात पाणी, तेल किंवा हात घालू नये. झटका किती मिनिटे चालला ते घड्याळात पाहावे व शक्य असल्यास मोबाइलवर चित्रण करावे. गेल्या दोन दिवसांत जनावराने काय खाल्ले, कोठे चरले, शेतात कोणती फवारणी झाली, व्याल्यास किती दिवस झाले व कुत्रा चावला होता काय, या पाच प्रश्नांची उत्तरे पशुवैद्यकास दिल्यास निदानाची निम्मी वाट सरते.

पशुआरोग्य सेवेचे मूल्यमापन करताना दवाखान्यांची संख्या, लसमात्रा व वाहने मोजली जातात. त्यांच्या जोडीला आणखी एक मोजमाप असावे : रायपूरच्या परिघावरील एखाद्या गावात रात्री गाय कोसळली, तर कारण ओळखणारा माणूस आणि त्या कारणावरील औषध तिच्यापर्यंत किती वेळात पोहोचते? भावी प्रशासकांनी योजनांचे आकडे वाचताना हा प्रश्न अवश्य विचारावा.